मेंडे विणकरांचे पट्ट्यांचे कापड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिएरा लिओनमधील मेंडे लोकांच्या हातविणीच्या सुती कापडाविषयी वाचकांकडून तेच ते प्रश्न फिरून येत राहतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली असून, एकाच गोष्टीचा दोनदा खुलासा करावा लागेल तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे कापड नेमके कुठले आणि ते वेगळे कशामुळे ठरते?

मेंडे हा सिएरा लिओनमधील सर्वांत मोठ्या समाजांपैकी एक असून त्याची मुख्य वस्ती देशाच्या दक्षिण व पूर्व भागांत, म्हणजे बो, केनेमा, कैलाहुन, पुजेहुन, मोयांबा या बाजूला आहे. काही मेंडे सीमेपलीकडे लायबेरियातही राहतात. त्यांचे कापड मागावरून अखंड पन्ह्याचे निघत नाही. माग विणतो ती जेमतेम वीतभर किंवा त्याहूनही अरुंद अशी लांबच लांब सुती पट्टी. पट्टीचे हवे तेवढे समान तुकडे करून ते काठाला काठ लावून हाताने शिवले, की पांघरण्याजोगे किंवा भिंतीवर टांगण्याजोगे कापड तयार होते.

२. याला इंग्रजीत ‘कंट्री क्लॉथ’ का म्हणतात? ‘राष्ट्रीय कापड’ असा अर्थ आहे का?

नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील व्यापारी इंग्रजीत ‘कंट्री’ म्हणजे स्थानिक, जहाजातून न आलेले. मराठीत याला जवळचा शब्द ‘गावठी’ किंवा ‘देशी’ हाच आहे आणि त्यातली गंमतही तीच आहे. गावठी म्हणताना कधी नाक मुरडलेले असते, तर कधी, गावठी अंड्याच्या किंवा देशी गाईच्या बाबतीत, तोच शब्द जास्त पैसे मोजण्याचे कारण होतो. कंट्री क्लॉथ या नावाचाही प्रवास असाच झाला. विलायती थानापुढे स्वस्त वाटावे म्हणून वापरलेला शब्द आज मानाच्या कापडाचे नाव म्हणून अभिमानाने उच्चारला जातो.

३. मेंडे भाषेत काय म्हणतात आणि ‘kp’ चा उच्चार कसा करायचा?

मोठ्या, जाड, मानाच्या कापडाला ‘क्पोक्पो’ म्हणतात. यातला ‘क्प’ हे मराठी जोडाक्षरासारखे क नंतर प नव्हे. ओठ मिटलेले असतानाच घशाजवळचा क उच्चारायचा आणि दोन्ही एकदम सोडायचे. देवनागरीत त्याला स्वतंत्र अक्षर नसल्यामुळे ‘क्प’ लिहून काम भागवावे लागते. ‘पोपो’ किंवा ‘कोको’ असे सोपे करून घेऊ नये.

४. रुंद माग बनवणे त्यांना जमले नाही म्हणून पट्ट्या विणतात का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यामागचे गृहीतकच चुकीचे आहे. अरुंद पट्टी विणण्याची पद्धत पश्चिम आफ्रिकेत फार जुनी असून मालीतील बांदियागाराच्या कड्यांमधल्या गुहांत सापडलेली कापडे ११व्या शतकापर्यंत मागे जातात. एवढा काळ एखादी पद्धत टिकते तेव्हा ती तिच्या लोकांच्या कामाला नीट बसलेली असते, असेच म्हणावे लागते.

अरुंद पट्टीचे फायदे विणकराच्या जागी बसून पाहावेत. बाण्याचा, म्हणजे आडवा विणला जाणारा, दोरा एका हातातून दुसऱ्या हातात सहज जातो. मागाला जड चौकट लागत नाही, त्यामुळे तो उचलून दुसऱ्या गावी नेता येतो. तयार पट्टी गुंडाळी करून ठेवता येते, मोजता येते, कुणाला देता येते (प्रश्न १२ पाहा). शिवाय किती पट्ट्या जोडायच्या हे मागून ठरवता येत असल्याने त्याच पट्टीचा सदरा होतो आणि त्याच पट्टीचे घरभर दिसणारे कापडही होते.

मात्र माझ्या मते सर्वांत मोठा फायदा नक्षीचा आहे. पट्टीत उभे पट्टे असतील तर ते ताण्यातूनच, म्हणजे मागावर आधी ताणून बांधलेल्या उभ्या धाग्यांतूनच येतात. आडवे पट्टे हवे असतील तर बाण्याचा रंग बदलावा लागतो. विणकर एका लांब पट्टीवर ठरावीक अंतराने आडवे पट्टे टाकत जातो आणि तेव्हा शेवटचे कापड त्याच्यासमोर नसते, फक्त डोक्यात असते. पट्टीचे तुकडे शेजारी-शेजारी ठेवल्यावर एका तुकड्यावरचा निळा चौकोन पुढच्या तुकड्यावरच्या पांढऱ्याला भिडतो आणि तेव्हा कुठे बुद्धिबळाच्या पटासारखी रचना उभी राहते. नक्षी जितकी पट्टीत असते तितकीच शिवणीतही असते, असे म्हटले तरी चालेल. रुंद मागावर हाच परिणाम काढता येतो, परंतु दोन तुकडे थोडे मागेपुढे सरकवून नक्षी बदलून पाहण्याची मुभा तेथे नसते.

५. माग कसा असतो? आपल्याकडच्या खड्डामागासारखा का?

अजिबात नाही. आपल्याकडचा विणकर खड्ड्यात पाय सोडून एका जागी बसतो आणि विणलेले कापड समोरच्या तुरीवर, म्हणजे आडव्या दांडीवर, गुंडाळले जाते. घानातील असांते विणकरही एका जागी बसतो. त्याचा ताणा दूरवर पसरलेला असून त्याच्या टोकाला दगडाचे ओझे बांधलेले असते आणि विणकर काम करील तसतसा तो ताणा त्याच्याकडे ओढला जातो.

मेंडे मागात हे उलटे आहे. ताणा दोन टोकांना रोवलेल्या खुंट्यांमध्ये पूर्ण लांबीने ताणून बांधतात आणि तो जागचा हलत नाही. त्यावर तीन काठ्या वर एकत्र बांधून केलेली तिपाई उभी करतात. ताण्याचे धागे आळीपाळीने वर उचलणारे दोऱ्यांचे फासे या तिपाईला टांगलेले असतात. हातभर विणून झाले, की विणकर तिपाई उचलून थोडी पुढे ठेवतो आणि स्वतःही पुढे सरकतो. असांते मागावर कापड विणकराकडे येते. येथे विणकर कापडाच्या मागोमाग चालत जातो. सकाळी एका खुंटीजवळ सुरू केलेले काम दिवस कलताना अंगणाच्या पार दुसऱ्या बाजूला पोहोचलेले असते.

असा तिपाई-माग सिएरा लिओन, लायबेरिया आणि लगतच्या भागाबाहेर सहसा आढळत नाही. त्यामुळे संग्रहालयातील जुन्या छायाचित्रावर गावाचे नाव नसले आणि तिपाई दिसत असली, तरी छायाचित्र कोणत्या मुलखातले आहे याचा अंदाज बांधता येतो.

६. सूत कोण कातते? आणि स्त्रिया माग का चालवत नाहीत?

परंपरेने कापूस वेचण्यापासून सूत कातण्यापर्यंतचे काम स्त्रियांचे आणि विणण्याचे काम पुरुषांचे. सरकी काढण्यासाठी कापसाची बोंडे सपाट पृष्ठभागावर ठेवून त्यावरून लोखंडी सळई लाटण्यासारखी फिरवतात, म्हणजे सरकी पुढे निसटते आणि कापूस मागे राहतो. नंतर लहान धनुकलीने तो पिंजून मोकळा करतात आणि टकळीसारख्या चातीवर कातण्यास घेतात. ज्यांनी शाळेत टकळीवर सूत काढले आहे त्यांना हे काम किती चिवट असते ते सांगायला नको. एका मोठ्या कापडात विणण्याच्या दिवसांपेक्षा कातण्याचे दिवस कितीतरी अधिक मुरलेले असतात, तरीही संग्रहालयाच्या फलकावर ‘विणकर’ एवढेच लिहिलेले असते, हे मला नेहमी खटकते.

स्त्रियांनी विणायचे नाही ही त्या समाजातील श्रमविभागणी आहे. पश्चिम आफ्रिकेत सर्वत्र तसेच असते असे मानू नये. नायजेरियात स्त्रिया उभ्या मागावर रुंद कापड विणतात.

७. तिथे कोकणासारखा पाऊस पडतो म्हणतात. मग कापूस पिकतो कसा?

विदर्भातील शेतकरी कुटुंबांकडून हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. सिएरा लिओनमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर असा दणकून पावसाळा असतो. मेंडे शेतकरी कापसाचे वेगळे रान क्वचितच करतात. जंगल तोडून, जाळून तयार केलेल्या डोंगरउतारावरच्या भातातच कापूस पेरतात. भात निघून जाते, कापसाचे झुडूप मागे उभे राहते आणि बोंडे कोरड्या ऋतूत फुटतात. म्हणजे पावसाने भिजण्याच्या आधीच कापूस घरात येतो. कातणे आणि विणणे ही कामेही त्याच कोरड्या महिन्यांत, शेतीची घाई नसताना होतात. प्रश्न ५ मध्ये सांगितलेला उघड्यावरचा माग पावसात चालवणे शक्यही नाही.

उत्पन्न थोडे आणि विखुरलेले असल्यामुळे हा कापूस गिरण्यांच्या उपयोगाचा ठरला नाही. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कॉटन ग्रोइंग असोसिएशनने येथे लागवडीचे प्रयोग केले, परंतु ते टिकले नाहीत. गावच्या मागापुरता मात्र तो पुरत होता.

८. रंग कोणते आणि कशाचे?

पांढरा आणि तपकिरी हे दोन रंग न रंगवताच मिळतात, कारण नैसर्गिक तपकिरी छटेचा कापूसही तिथे होतो. त्यामुळे जुन्या कापडावरचा प्रत्येक तपकिरी पट्टा रंगवलेलाच आहे असे समजू नये. रंगवलेला तपकिरी बहुधा कोलाच्या बियांचा असतो. ज्या कोलावरून शीतपेयाचे नाव पडले तीच ही बी. तांबडा रंग कॅमवूड या झाडाच्या लाकडापासून मिळतो. निळा रंग एका वेलीसारख्या झुडपाच्या कोवळ्या पानांपासून काढतात. आपल्याकडची नीळ ज्या रोपापासून होत असे ते हे रोप नव्हे, पण रंगद्रव्य तेच असल्याने पाने आंबवणे, राखेचे क्षारयुक्त पाणी वापरणे आणि हवेत धरल्यावर सूत हिरवट पिवळ्याचे निळे होणे, हे सारे ओळखीचे वाटेल.

रंग कापडाला नव्हे, सुताला दिला जातो. तयार कापड बुडवून रंगवलेले असेल तर प्रश्न ११ पाहा.

९. नक्षीत काही संदेश लिहिलेला असतो का? ही मेंडे लिपी आहे का?

मेंडे भाषेची स्वतःची किकाकुई नावाची लिपी आहे. ती उजवीकडून डावीकडे लिहितात आणि १९२१ च्या सुमारास तिचा प्रसार करणारे किसिमी कमारा हे व्यवसायाने शिंपी होते. हा योगायोग इतका देखणा आहे, की कापडावरच्या त्रिकोण-चौकोनांत लोकांना अक्षरे दिसू लागतात. पण कापडावरची नक्षी ही लिपी नव्हे. पट्टे, चौकट, पायऱ्यांसारखे त्रिकोण, समभुज चौकोन हे बाण्याच्या हिशेबातून येणारे आकार आहेत. दुकानदार एखाद्या आकाराचा ‘अर्थ’ छापील कार्डावर लिहून देत असेल, तर ते कार्ड विक्रीसाठी आहे असे समजावे.

१०. हे केंटेच ना?

नाही. दोन्ही कापडे पट्ट्या जोडून होतात, एवढे साम्य खरे. केंटे घानातील असांते आणि एवे विणकरांचे असून ते रेशमी किंवा रेयॉनच्या झळझळीत धाग्यांसाठी प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. मेंडे कापड जाड, सुती आणि मातकट रंगांचे असते, तर त्याची पट्टी बहुधा केंटेपेक्षा रुंद असते. मागातील फरक प्रश्न ५ मध्ये दिला आहे. महाग विकले जावे म्हणून कोणत्याही आफ्रिकी पट्टीच्या कापडाला केंटे म्हणण्याची पद्धत पडली आहे. प्रत्येक रेशमी साडीला पैठणी म्हणण्यासारखाच हा प्रकार आहे.

११. गारा आणि रोंको म्हणजे हेच का?

गारा हे सिएरा लिओनचे बांधणीसारखे कापड आहे. त्यात गाठी मारून किंवा मेण लावून तयार, बहुतेकदा आयात केलेले, कापड रंगवतात; गारा हे मुळात निळीच्या पानांचेच नाव. रोंको हा कोलाच्या रंगाचा, पट्ट्यांच्या कापडातून शिवलेला ढगळ सदरा असून त्याचे घट्ट नाते देशाच्या उत्तर भागातील योद्ध्यांशी आणि शिकाऱ्यांशी आहे. म्हणजे रोंको हा पोशाख, गारा ही रंगाईची पद्धत आणि क्पोक्पो हे विणलेले कापड.

१२. हे कापड पैशासारखे चालत असे, हे खरे का?

होय. नाणे रुळण्याच्या आधी वधूमूल्य, दंड, खंडणी आणि मोठी देणी कापडात भागवली जात. येथेही पट्टी उपयोगी पडते: लांब पट्टीची गुंडाळी ही ठरावीक किमतीची वस्तू होऊ शकते, तिचा भाग तोडून देता येतो आणि उरलेली गुंडाळी तशीच राहते. एका प्रमुखाच्या घरात किती कापड साठले आहे यावर त्याची पत जोखली जाई. अटलांटिकमधील केप वर्द बेटांवर तर पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी गुलाम विणकरांकडून सहा-सहा पट्ट्यांची कापडे विणवून घेतली आणि ती मुख्य भूमीवर चलनासारखी वापरली. त्या व्यापारात माणसांचीही खरेदी होत असे, हे या कापडांच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

१३. कोण आणि केव्हा वापरतात?

प्रमुखांच्या पेहरावात, मानाच्या पाहुण्याला द्यायच्या भेटीत, लग्नाच्या देण्याघेण्यात, पांघरूण म्हणून, समारंभात मागे टांगण्यासाठी आणि मृताला गुंडाळण्यासाठी. शेवटच्या वापरामुळे उत्तम कापडे जमिनीत गेली आणि जुने नमुने तुलनेने कमी उरले. ब्रिटिश संग्रहालयांतील अनेक नमुने १९व्या शतकाच्या अखेरीस व २०व्याच्या आरंभी थॉमस आल्ड्रिज यांच्यासारख्या वसाहती अधिकाऱ्यांनी गोळा केलेले आहेत. अर्थात अधिकाऱ्याला भेट मिळे ते कापड मानाचेच असे, म्हणून संग्रहालयातील भव्य नमुन्यांवरून रोजच्या पांघरुणाची कल्पना करू नये.

१४. फ्रीटाउनचे प्रसिद्ध ‘कॉटन ट्री’ याच कापसाचे का?

नाही. राजधानीतील ते महाकाय झाड कपोकचे, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचे होते. २४ मे २०२३ रोजी वादळात ते कोसळले. सावरीचा कापूस आखूड आणि गुळगुळीत असल्याने उशीत भरता येतो, परंतु त्याचे सूत निघत नाही.

१५. भारताशी काही संबंध आहे का?

व्यापाराचा आहे, तंत्राचा नाही. १७व्या आणि १८व्या शतकांत युरोपीय कंपन्यांनी गुजरात व कोरोमंडलची सुती कापडे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात विकली. पट्टी विणण्याची कला मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून तेथे होती (प्रश्न ४ पाहा).

१६. मग हे कापड मागे का पडले? आज कोणी विणते का?

पहिला धक्का मँचेस्टरच्या थानांचा. १८९६ मध्ये ब्रिटिशांनी आतल्या मुलखावर संरक्षित राज्य जाहीर केले आणि फ्रीटाउनहून निघालेली रेल्वे २०व्या शतकाच्या पहिल्या दशकात मेंडे भागातून पूर्वेकडे गेली. जाताना तिने तेलताडाच्या बियांतील गराची पोती किनाऱ्याला आणली आणि येताना स्वस्त कापड आत नेले. ज्या बाईला कातण्यात कोरडा ऋतू घालवावा लागे तिला तयार थान सोयीचे वाटले, यात तिची चूक काढता येणार नाही.

दुसरा धक्का १९९१ ते २००२ च्या यादवी युद्धाचा. ते कैलाहुन भागातूनच सुरू झाले आणि गावेच्या गावे विस्थापित झाली. माग काठ्यांचा असतो, तो पुन्हा उभा करता येतो. पण विणकराच्या शेजारी बसून शिकणारा मुलगा त्या अकरा वर्षांत दुसरेच काही शिकला. आज विणकर आहेत, पण थोडे, आणि हातकताईचे सूत त्याहून दुर्मीळ आहे.

१७. सूत गिरणीचे असेल तर कापड अस्सल म्हणायचे का?

माझे उत्तर होय असे आहे. आयात केलेले रंगीत सूत विणकर फार पूर्वीपासून वापरत आले आहेत आणि काही जुन्या कापडांत हातसुताशेजारी गिरणीचा भडक लाल धागा दिसतो. विक्रेत्याने गिरणीचे सूत हातसूत म्हणून खपवणे ही फसवणूक आहे. विणकराने ते वापरणे ही नव्हे. हातसूत ओळखायचे असल्यास एकच धागा उजेडासमोर धरावा: तो कुठे जाड, कुठे बारीक असेल आणि मधूनच सरकीच्या टरफलाचा काळा ठिपका अडकलेला दिसेल.

१८. मी घेतलेल्या कापडात पट्ट्यांवरचे चौकोन नीट जुळत नाहीत. दोष आहे का?

मी हे लिहीत असताना समोर एक पांघरूण आहे. त्यात आठ पट्ट्या आहेत. वरच्या टोकाला निळे पट्टे एका ओळीत आहेत. खाली येता येता तिसऱ्या पट्टीवरचे पट्टे हळूहळू घसरत जातात आणि खालच्या काठाशी ते शेजाऱ्यापेक्षा दोन बोटे खाली आहेत. शिवणाऱ्याने ती पट्टी मध्ये किंचित चुणी घालून ओढून घेतली आहे, ती चुणी उलट्या बाजूने बोटाला लागते. विणकराने त्या पट्टीवर बाणा जरा सैल ठोकला असणार, एवढेच यावरून कळते. असे घसरणे सामान्य आहे. सर्व चौकोन सुरुवातीपासूनच बरोबर अर्ध्याने सरकलेले असतील, तर ते मुद्दाम केलेले असते. दोष म्हणावा तो फक्त शिवण उसवण्याला, आणि तो सुई-दोऱ्याने दूर होतो.

१९. छापील नक्कल कशी ओळखावी?

कापड उलटे करावे. नकलेत शिवणी छापलेल्या असतात, खऱ्या कापडात त्या बोटाला लागतात. प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी विणीचा स्वतःचा काठ असतो, कापलेली कड नसते.

२०. धुवायचे कसे?

थंड पाणी, सौम्य साबण आणि हात; यंत्र नको. पहिल्या एक-दोन धुण्यांत निळा रंग सुटतो, म्हणून वेगळे धुवावे. पिळू नये. ओले जाड कापड स्वतःच्या वजनाने शिवणी ताणते. म्हणून दोरीवर टांगण्याऐवजी सावलीत चटईवर पसरावे. पावसाळ्यात पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नये आणि ठेवताना घडीऐवजी गुंडाळी करावी.

२१. कापून कुडता किंवा जाकीट शिवता येईल का?

शिवता येईल, पण शिंप्याला कात्री लावण्याआधी दोन गोष्टी सांगाव्यात. शक्य तेथे आडवे कापण्याऐवजी शिवण उसवून पूर्ण पट्टी वेगळी काढावी, म्हणजे विणीचा काठ शाबूत राहतो. आडवे कापावेच लागले तर कापण्याआधी त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मशीनची टीप मारून घ्यावी, कारण जाड सुताची वीण कात्री लागताच सुटू लागते. जुने, हातसुताचे कापड असल्यास मात्र ते तसेच राहू द्यावे आणि जाकिटासाठी नवीन पट्टी घ्यावी.